झेल पुरा केव्हां होतो?

श्रोतेहो, 'झेल' हा शब्द आपणांपैकीं कोणास समजत नाहीं? गल्लींत चेंडू खेळणारें पांच वर्षांचें पोरही त्याचा अर्थ सांगेल. चेंडू हातांत आला आणि हातांत राहिला, म्हणजे झेल झाला. ही व्याख्या इतकी सोपी आहे कीं, ती लिहून ठेवण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. परंतु अमेरिकेसारख्या संपन्न व विचारी राष्ट्रांत या एका शब्दाचा अर्थ ठरवितां ठरवितां पंच, नियमकर्ते, खेळाडू आणि कोट्यवधि प्रेक्षक यांची पुरती दमछाक झाली, असें सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. तेथील फुटबॉलच्या खेळांत हा वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालला आहे. त्या वादाचा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावा, असा माझा विचार आहे.

या विषयाकडे माझें लक्ष वेधलें गेलें त्याचें कारण अगदीं घरगुती आहे. माझी मुलगी लग्नानंतर अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं स्थायिक झाली. शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर २०१७ सालच्या हिवाळ्यांत मी प्रथमच तिच्याकडे गेलों. तेथील विमानतळावर उतरलों तों समोर दोन पुतळे शेजारीं शेजारीं उभे. एक जॉर्ज वॉशिंग्टनचा, हें मीं ओळखलें. दुसरा कोणा खेळाडूचा होता. तो वांकून, पायापाशीं आलेला चेंडू धांवतां धांवतां उचलीत होता. राष्ट्रपित्याच्या शेजारीं या खेळाडूस जागा कां मिळाली, हें मला त्या वेळीं कळलें नाहीं. कळलें तें पुढें, आणि तेंही आठ वर्षांच्या नातवाकडून.

१७ डिसेंबरला, रविवारीं, पिट्सबर्गचा 'स्टीलर्स' संघ व न्यू इंग्लंडचा 'पेट्रिअट्स' संघ यांचा सामना त्याच शहरीं होता. आम्ही तो घरीं टेलिव्हिजनवर पाहत होतों. खेळ संपावयास अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता, आणि स्टीलर्स २७ विरुद्ध २४ असे तीन गुणांनीं मागें होते. इतक्यांत त्यांच्या जेसी जेम्स या खेळाडूनें आपल्याकडे फेंकलेला चेंडू धरला. त्याचा गुडघा जमिनीस टेकला. आणि तशाच स्थितींत अंग पुढें झोकून त्यानें चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला. पंचांनीं गुण दिले. नातू कोचावर उड्या मारूं लागला. नंतर त्या क्षणाची चित्रफीत पुन्हां तपासण्यांत आली. हात जमिनीवर आपटतांना चेंडू हातांत फिरला व जमिनीस लागला, असें त्यांत दिसलें. निर्णय बदलला. झेल अपुरा ठरला! थोड्याच वेळांत स्टीलर्सची पुढची एक फेंक प्रतिपक्षानें पकडली, आणि हाती आलेला सामना गेला.

नातवाच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. तो म्हणाला, "आजोबा, त्यानें चेंडू धरला होता ना? तुम्ही पाहिलंत ना?" मीं पाहिलें होतें. चेंडू धरला होता, पण तो झेल नव्हता! जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगून ज्यानें पोट भरलें, त्या माणसाला हें कोडें स्वस्थ बसूं देईना.

हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. यांत पायापेक्षां हातांचें काम अधिक. चेंडू सुमारें ११ इंच लांबीचा, दोन्ही टोकांस निमुळता. चढाई करणाऱ्या संघास १० यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार संधि मिळतात. तो संघ चेंडू काखेंत घेऊन धांवूं शकतो, किंवा एकानें पुढें फेंकावा व दुसऱ्यानें झेलावा, असेंही करूं शकतो. झेल पुरा झाला तर तेवढी भूमि जिंकली. अपुरा राहिला तर चेंडू पुन्हां मूळ जागीं येतो व एक संधि वांयां जाते. प्रतिपक्षाच्या टोकाची रेषा चेंडूसह ओलांडली, किंवा तिच्यापलीकडच्या पट्ट्यांत चेंडू झेलला, कीं 'टचडाऊन' होऊन सहा गुण मिळतात.

आरंभीं या खेळांत पुढें फेंक करण्याची परवानगीच नव्हती. सारा खेळ रेटारेटीचा व धसमुसळेपणाचा. १९०५ सालच्या एकाच हंगामांत अठरा-एकोणीस तरुण प्राणांस मुकले, अशी तेव्हांच्या वर्तमानपत्रांची गणना होती. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याविषयीं बजाविलें. पुढील वर्षीं, १९०६ सालीं, नियम बदलले व पुढची फेंक कायदेशीर झाली. ५ सप्टेंबर १९०६ रोजीं सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सननें अशी पहिली फेंक केली, ती कोणाच्याही हातीं न लागतां जमिनीवर पडली, आणि त्या वेळच्या कडक नियमाप्रमाणें चेंडू प्रतिपक्षास द्यावा लागला. त्याच सामन्यांत पुढें त्याची फेंक जॅक श्नायडर यानें झेलली व टचडाऊन झाला. तात्पर्य, झेल आणि त्याचा प्रश्न हीं जुळीं भावंडें आहेत; तीं एकाच दिवशीं जन्मास आलीं.

आतां कोणी विचारील कीं, चेंडू हातीं आला कीं झेल झाला असें सरळ कां म्हणूं नये? येथेंच खरी मेख आहे. क्रिकेटमध्यें झेल सुटला तर फलंदाज वांचतो, एवढेंच होतें. अमेरिकन फुटबॉलांत झेल पुरा झाल्यानंतर चेंडू सुटला तर त्यास 'फंबल' म्हणतात, व तो मोकळा चेंडू प्रतिपक्षाला उचलून नेतां येतो. म्हणजे 'झेल झाला' असें म्हणण्यांत खेळाडूचा लाभ आहे तसा धोकाही आहे. झेल लवकर पुरा झाला असें मानलें, तर चेंडू हातीं येतांच बसलेल्या प्रत्येक धक्क्यानें फंबल होईल. उशिरा मानला, तर लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलेले झेल अपुरे ठरतील. या दोन संकटांच्या मधून नियमकर्त्यांना वाट काढावयाची होती. म्हणून त्यांनीं म्हटलें: चेंडूवर ताबा हवा, मैदानाच्या आंत पाय टेकलेले हवेत, आणि तो ताबा कांहीं काळ टिकला पाहिजे. पायांची गोष्टही संकेताची आहे. महाविद्यालयीन खेळांत एक पाय पुरतो. व्यावसायिक खेळांत दोन्ही टेकावे लागतात. पण सर्वांत अवघड प्रश्न तिसरा. 'कांहीं काळ' म्हणजे किती काळ?

आतां त्या पुतळ्याकडे वळूं. तो फ्रँको हॅरिस याचा. २३ डिसेंबर १९७२ रोजीं पिट्सबर्ग येथें ओकलंडच्या 'रेडर्स' संघाशीं सामना होता. रेडर्स ७ विरुद्ध ६ असे पुढें, वेळ २२ सेकंद, स्टीलर्सची चौथी व शेवटची संधि, आणि शेवटची रेषा ६० यार्ड दूर. टेरी ब्रॅडशॉनें जॉन फुक्वाकडे फेंक केली. त्याच क्षणीं रेडर्सचा जॅक टेटम फुक्वावर आदळला, आणि चेंडू उसळून मागें आला. तो जमिनीस लागणार इतक्यांत हॅरिसनें बुटाजवळून उचलला व थेट रेषेपलीकडे नेला. त्या काळीं नियम असा होता कीं, चढाई करणाऱ्या संघाच्या एका खेळाडूस लागलेला चेंडू, मध्यें प्रतिपक्षाचा स्पर्श झाल्यावांचून, त्याच संघाच्या दुसऱ्यानें धरतां कामा नये. चेंडू टेटमला लागला कीं केवळ फुक्वाला? हॅरिसनें उचलण्यापूर्वीं तो जमिनीस टेकला कीं नाहीं? पंचांनीं आपसांत खल केला. मुख्य पंच फ्रेड स्वेअरिंजेन यांनीं टेलिफोनवरून पंचप्रमुख आर्ट मॅकनॅली यांच्याशीं बोलणें केलें, आणि मग टचडाऊन जाहीर झाला. पिट्सबर्ग १३ विरुद्ध ७ असें जिंकलें. मेरीच्या निष्कलंक गर्भधारणेच्या ख्रिस्ती श्रद्धेवर कोटी करून लोकांनीं या झेलास 'निष्कलंक झेल' असें नांव दिलें. ओकलंडच्या लोकांना मात्र त्यांत कलंकावांचून कांहीं दिसलें नाहीं. चेंडू कोणास लागला, हें उघड सांगण्याचें फुक्वानें वर्षानुवर्षें टाळलें. ज्या नियमामुळें हा वाद उद्भवला, तो नियम १९७८ सालीं काढून टाकण्यांत आला. हॅरिस २० डिसेंबर २०२२ रोजीं वारला; त्या झेलास ५० वर्षें पुरीं होण्यास तीनच दिवस उरले होते.

दुसरा प्रसंगही पिट्सबर्गचाच. ६ जानेवारी १९८० रोजीं ह्यूस्टनच्या 'ऑयलर्स' संघाच्या माइक रेन्फ्रो यानें शेवटच्या पट्ट्याच्या अगदीं कोपऱ्यांत चेंडू झेलला. तो झेल धरला गेला असता तर सामना बरोबरींत आला असता. पंचांनीं विचारविनिमय करून तो नाकारला. घरोघरच्या टेलिव्हिजनवर तोच क्षण पुनःपुन्हां दाखविण्यांत आला, आणि लाखों लोकांस वाटलें कीं पाय आंत होते, ताबाही होता. पंचाला जें दिसलें नाहीं तें घरीं बसलेल्या माणसाला दिसूं लागलें! मग पंचालाही तें चित्र कां दाखवूं नये? ही मागणी जोर धरूं लागली, व १९८६ सालीं व्यावसायिक खेळांत चित्रफीत तपासण्याची पद्धति सुरू झाली. १९९१ च्या हंगामानंतर ती सोडून देण्यांत आली, आणि १९९९ सालीं नव्या स्वरूपांत पुन्हां आली.

आतां वाद मिटेल अशी सर्वांची अपेक्षा होती. झालें उलटें. २३ जानेवारी २००० रोजीं सेंट लुई येथें टॅम्पाच्या बर्ट इमॅन्युएलनें, सामन्याचें शेवटचें मिनिट चालू असतां, चेंडू छातीशीं कवटाळून अंग टाकलें. मैदानावर झेल दिला गेला. चित्रफितींत चेंडूचें टोंक जमिनीस लागलेलें दिसलें, आणि झेल रद्द झाला. टॅम्पा ११ विरुद्ध ६ असें हरलें. त्या वर्षीं नियमांत स्पष्टीकरण आलें कीं, ताबा सुटला नसेल तर केवळ जमिनीच्या स्पर्शानें झेल अपुरा होत नाहीं. त्या बिचाऱ्याच्या नांवानें नियम ओळखला जाऊं लागला. सामना मात्र परत मिळाला नाहीं.

१२ सप्टेंबर २०१० रोजीं शिकागो येथें डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सननें शेवटच्या पट्ट्यांत उंच उडी घेऊन चेंडू धरला. दोन्ही पाय टेकले, कंबर टेकली, आणि उठतां उठतां चेंडूचा हात जमिनीवर टेकतांच चेंडू निसटला. डेट्रॉइटचे खेळाडू नाचूं लागले होते. पंचांनीं सांगितलें कीं, झेलाची प्रक्रिया पुरी झाली नाहीं. पडतां पडतां झेल घेणाऱ्यानें जमिनीशीं संबंध संपेपर्यंत ताबा राखला पाहिजे, असा नियम होता. शिकागो १९ विरुद्ध १४ असें जिंकलें. पुढें ११ जानेवारी २०१५ रोजीं ग्रीन बे येथें डॅलसच्या डेझ ब्रायंटनें चौथ्या संधीच्या वेळीं प्रतिपक्षाच्या डोक्यावरून चेंडू काढला, पावलें टाकलीं, रेषेकडे हात लांबविला व पडला. जमिनीवर आपटून चेंडू क्षणभर उडाला. झेल प्रथम मान्य झाला, मग चित्रफीत पाहून नाकारला. डॅलस २६ विरुद्ध २१ असें हरलें. दोन्ही सामन्यांत मुख्य पंच एकच होते, जीन स्टेरॅटोर. त्यांनीं नियमाचें अक्षर पाळलें, यांत शंका नाहीं.

श्रोतेहो, या पंचांना दोष देणें मला अवघड जातें. उत्तरपत्रिका तपासतांना मीं असेंच केलेलें आहे. गणिताच्या परीक्षेंत एका मुलाचें उत्तर अचूक होतें. पण त्यानें सर्व पायऱ्या मांडल्या नव्हत्या. नियम असा कीं, रीत पुरी दाखविली नाहीं तर पुरे गुण नाहींत. मीं गुण कापले. त्या गुणांवांचून त्याची शिष्यवृत्ति हुकली. मुलानें नक्कल केली नव्हती, त्याला गणित येत होतें, हें मी जाणत होतों. मीं नियम मोडला नाहीं. तरी त्या मुलाचा चेहरा मला अद्याप दिसतो. नियम न्यायासाठीं करावयाचा असतो. पण एकदां तो कागदावर उतरला, कीं आपण न्यायाऐवजीं कागदाकडे पाहूं लागतों.

नियमकर्त्यांची अडचण आपण पाहिलीच. त्यांना पंचाच्या लहरीस वाव नको होता, म्हणून त्यांनीं प्रत्येक शब्दाला दुसऱ्या शब्दाचा टेकू दिला. 'ताबा' म्हणजे काय? 'खेळाडू धांवणारा झाला' म्हणजे केव्हां? 'जमिनीवर पडणें' कोणतें? टेकू वाढत गेले तसतसें घर राहण्याजोगें उरलें नाहीं. त्यांत मंदगति चित्राची भर पडली. जें डोळ्याला एका क्षणांत घडलेलें दिसतें, त्याचे पन्नास तुकडे करून पाहिले, तर कोणता ना कोणता तुकडा डळमळीत सांपडणारच. गाणाऱ्याचा एकेक श्वास तोडून ऐकला तर त्यांत राग सांपडेल काय? क्रिकेटच्या कायद्यांतही झेल घेणाऱ्याचा चेंडूवर व स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा असावा, असें म्हटलें आहे. १३ जून १९९९ रोजीं लीड्स येथें विश्वचषकाच्या सामन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्सनें ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा झेल धरला, पण आनंदानें चेंडू वर उडवावयास जातां तो हातून निसटला, व वॉ नाबाद राहिला. तेथेंही प्रश्न हाच: ताबा किती वेळ? शेवटीं तेथें पंचाच्या डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते.

अमेरिकेंतील नियमकर्तेही अखेर याच वळणावर आले. ४ फेब्रुवारी २०१८ रोजीं अंतिम सामन्यांत फिलाडेल्फियाच्या झॅक अर्ट्झनें चेंडू झेलून, पावलें टाकून रेषेवर उडी घेतली. पडतांना चेंडू उसळला. साऱ्या देशानें श्वास रोखला. या वेळीं तो आधींच धांवणारा झाला होता असें ठरून टचडाऊन कायम राहिला, आणि फिलाडेल्फिया ४१ विरुद्ध ३३ असें जिंकलें. हरलेला संघ तोच न्यू इंग्लंडचा. पुढच्याच महिन्यांत, २७ मार्च २०१८ रोजीं, बत्तीसही संघांनीं एकमतानें नियम नव्यानें लिहिला. चेंडूवर ताबा, दोन पाय किंवा शरीराचा दुसरा एखादा भाग मैदानांत टेकलेला, आणि नंतर खेळास साजेशी एखादी क्रिया, म्हणजे तिसरें पाऊल किंवा रेषेकडे हात लांबविणें, अथवा तसें करण्याइतका अवसर. पडतांना जमिनीवर ताबा टिकविण्याची जुनी अट गळली. चेंडू किंचित् हलला एवढ्यानें आतां झेल जात नाहीं. जॉन्सनचा व ब्रायंटचा झेल मान्य व्हावयास हवा होता, असें नियम ठरविणाऱ्या समितीच्या मंडळींनीं बोलूनही दाखविलें.

वाद संपले, असें मी म्हणणार नाहीं. 'करण्याइतका अवसर' होता कीं नाहीं, हें कोणत्याही मोजपट्टीनें मोजतां येत नाहीं. तें माणसानेंच ठरवावें लागतें. पण पूर्वींच्या नियमानें माणसाला बाजूस सारण्याचा यत्न केला होता; नव्या नियमानें त्याला पुन्हां जागेवर बसविलें, आणि पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या डोळ्यांशीं नियमाचें नातें जोडलें. इतक्या वर्षांच्या खटाटोपाचें हेंच फळ मला मोठें वाटतें. व्याख्या कितीही बारीक केली तरी तिच्या टोकाला निवाडा करणारा माणूस उभा असतोच. आणि ज्या नियमाचा निकाल प्रामाणिक प्रेक्षकांस वारंवार खोटा वाटतो, तो नियम कितीही काटेकोर असला तरी सुधारण्यास पात्र असतो.

नियम बदलल्याची बातमी आली तेव्हां मी परत आपल्या गांवीं आलों होतों. नातवाचा टेलिफोन आला. "आजोबा, आतां तो झेल आहे!" मीं म्हटलें, "होय बाळ. त्या दिवशींच्या नियमानें नव्हता, आजच्या नियमानें झाला असता." तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "मग तो सामना परत देणार का?" मीं सांगितलें, "नाहीं. पण एक ध्यानांत ठेव. तुमच्या गांवाच्या विमानतळावर ज्याचा पुतळा आहे, त्याचा झेल ओकलंडच्या मुलांना अजून मान्य नाहीं. त्या रात्रीं तुझ्यासारखा एखादा मुलगा तिकडेही रडला असेल." यावर तो कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें एवढेंच म्हणाला, "त्याला कोणी सांगितलं असेल का, कीं तूं पाहिलंस तें खरं होतं?"

श्रोतेहो, या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तो आपल्या स्वाधीन करून मी आपली रजा घेतों.